पोहोचला

नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिथून खिडकीचा उजेड थेट टीव्हीवर दिसतो, रंग कळत नाहीत. इकडे या. हां, असं. साहेब येतच आहेत, मला म्हणाले तोवर पाहुण्यांना बोर्ड समजावून सांग — तर हा तो बोर्ड. ज्या ज्या इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे देखभालीला आहेत, त्यांचा. एक चौकोन म्हणजे एक तक्रार. लिफ्ट बंद पडली, कुणी फोन केला, की चौकोन पिवळा. आमचा मेकॅनिक तिथं पोहोचला की हिरवा. वेळेत नाही पोहोचला तर लाल, आणि खाली त्याचं नाव. तुम्ही आज सही केलीत की तुमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टही इथं दिसायला लागतील, पेशंटला स्ट्रेचरवरून नेता ती वेगळी, भेटायला येणाऱ्यांची वेगळी. छान दिसतो ना? सगळे असंच म्हणतात. मीच केलाय. म्हणजे मेकॅनिकांच्या फोनमधलं ॲप दुसऱ्यांनी बनवलं, पण त्यातले आकडे उपसून, गाळून, असे भिंतीवर मांडायचं काम माझं. बघा की, सगळं हिरवंगार. मला अलीकडे हे हिरवं बघवत नाही — असो, ते जाऊ दे.

काय म्हणालात? हिरवा कोण करतं? इतके लोक या खुर्चीत बसून गेले, कुणी विचारलं नव्हतं. मेकॅनिकच करतो. त्याच्या फोनवर 'पोहोचलो' असं एक बटण आहे, ते दाबलं की इथं हिरवा. — हो, कुठूनही दाबता येतं. तो नेमका कुठे उभा आहे तेही नोंदवायचं ठरलं होतं, पण तळघरात रेंज मिळत नाही, मग माणूस जागेवर असून रस्त्यात दिसतो, मग भांडणं — काढून टाकलं ते. साहेब म्हणाले, आपल्या माणसांवर विश्वास ठेवायला शिका. किती गोड वाक्य आहे नाही? मलाही तेव्हा पटलं होतं.

आमच्या इमारतीची लिफ्टही याच कंपनीकडे आहे. आम्ही पाचव्या मजल्यावर. आमच्याकडे सासरे आहेत. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आता डोळ्यांना सुई दिसत नाही म्हणून बंद केलं. पण माणूस अजून असा, की कोपऱ्यावर पेपर आणायला जायचं तरी पँटला कडक इस्त्री हवी. माझं आणि त्यांचं कधी जमलं नाही. भांडण नाही हो — नुसतं जमलं नाही. कुणी विचारलं सून काय करते, तर म्हणायचे, ऑफिसात रंगीत चौकोन काढते. तोंडावर म्हणायचे. मीही मग जेवढ्यास तेवढं.

तर मध्यंतरी एका रविवारी ते पेपर घेऊन वर येत होते आणि लिफ्ट मधेच अडकली, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे. नवरा गावाला गेलेला, घरात मी एकटी. लिफ्टची घंटा ऐकून मी जिन्यानं धावत खाली गेले, दारावर हात आपटले, आतून आवाज आला, "सूनबाई, तू आहेस का तिथं?" म्हटलं, आहे. तक्रार नोंदवली, तिथंच पायरीवर बसले, फोनवर हा बोर्ड उघडला — माझ्याकडे असतो ना तो — पिवळा चौकोन. आमच्या इमारतीचं नाव. आणि बघता बघता तो हिरवा झाला. खरं सांगते, मला अभिमान वाटला. दाराला तोंड लावून म्हटलं, बाबा, माणूस पोहोचलाय. ते म्हणाले, बरं झालं, मला जरा — मला जरा जायचंय, सूनबाई, सकाळची ती लघवीची गोळी घेतलीय. मी म्हटलं, धरून ठेवा, खाली आलाच आहे तो, आता चढतोय.

कुणी चढत नव्हतं. जिन्याच्या खिडकीतून फाटक दिसतं. फाटकाशी वॉचमन खुर्ची टाकून बसलेला, बाकी चिटपाखरू नाही. मला वाटलं मागच्या बाजूनं आला असेल. तळघरात गेला असेल. मी फोन बघायची, हिरवा. फाटक बघायची, रिकामं. आणि दर थोड्या वेळानं आतून, "आला का गं?" आणि मी — "आलाय हो, आलाच." किती वेळ चाललं हे विचारू नका. मग आतला आवाज बंद झाला. मी दोन-तीनदा हाका मारल्या, बाबा, बाबा. बऱ्याच वेळानं अगदी हळू म्हणाले, "सूनबाई, तू घरी जा." का हो? "जा म्हणतो ना. तू इथं थांबू नकोस."

मला कळलं. न कळायला काय झालं.

पुढं तो आला एकदाचा, हेल्मेट काखेत मारून. दार उघडलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या पँटी शिवल्या, तो माणूस पेपर पुढे धरून माझ्या बाजूनं निघून गेला, जिन्यानं, भिंतीला धरून, माझ्याकडे न बघता. लिफ्टची फरशी मी पुसली. माझ्या ओढणीनं, मग ती तशीच कचऱ्यात टाकली. मेकॅनिक बाजूला उभा राहून दुसरीकडे बघत होता, तेवढी तरी लाज होती त्याला. मग फोन पुढे केला, "ताई, इथं बोटानं सही करा, आणि तारे द्या." म्हटलं, तू आत्ता येतोयस, मग मघाशी पोहोचलास कसा? तो चिडला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "निघायच्या आधीच दाबतो ताई, आम्ही सगळेच. नाही दाबलं तर नाव लाल होतं, आणि सोमवारी सगळ्यांसमोर उभं करतात. ऑफिसात कुणी मॅडम आहेत, त्यांनी काढलंय ते." मी सही केली. तारेही दिले, सगळे. त्याच्याशी काय भांडू?

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याला वाटतं बाबा लिफ्टला घाबरलेत, थट्टा करतो त्यांची. ते खालीच उतरत नाहीत आता. पायजम्यात बसून असतात. आणि बघा, तुमची ओळख ना पाळख, नि मी तुम्हाला — घ्या, चहा घ्या, गार झाला असेल.

मग मी काही केलं का, म्हणता? केलं ना, का नाही केलं? दुसऱ्याच दिवशी नवा बोर्ड बनवायला बसले. लिफ्ट पुन्हा हलली की तिची यंत्रणाच आमच्याकडे खबर पाठवते, ती येऊन पडत होती नुसती, कुणी वापरत नव्हतं. म्हटलं, माणूस कधी पोहोचला हे मोजायचंच नाही, लिफ्ट कधी हलली ते मोजायचं. मोजलं. भिंतभर लाल. साहेबांनी बघितलं, दार लावून घेतलं. मला वाटलं, आता माणसं वाढवतील, निदान कुणाला तरी फैलावर घेतील. म्हणाले, "काम उत्तम आहे. हा आपल्यापुरता ठेवू. पाहुण्यांना पहिलाच दाखवत जा." उत्तम म्हणे. पगारही वाढवला माझा. आणि तो आपल्यापुरता बोर्ड आता कोण बघतं? मी. एकटी. रोज सकाळी डबा टेबलावर ठेवला की आधी तो उघडते, आणि मग इथं येऊन तुमच्यासारख्यांना हे हिरवं दाखवते, हसून. शिसारी येते हो. आधी भिंतीची यायची, आता त्या हसण्याची येते.

तुम्हाला बघायचाय? नाही, तसं सांगितलंय मला, बाहेरच्यांना — थांबा. बसा. लावते.

हं. हा बघा. डोळ्यांना त्रास होतो जरा. — तो वरचा? ते एक हॉस्पिटल आहे, नाव नाही सांगता येणार. तुमच्याएवढंच असेल. हो, स्ट्रेचरचीच लिफ्ट. हो, इतका वेळ. आत कोण होतं ते मला माहीत नाही, चौकोनात ते येत नाही.

या साहेब. — हो, हाच लावलाय. नाही, चुकून नाही. यांना त्या वरच्या चौकोनाबद्दल काहीतरी विचारायचंय तुम्हाला. मी बाहेर बसते.