ऑक्सिजनचा चिमटा

यंदा बी हिमालयात चालले काय तुमी? जा बाप्पा. पण सिहोऱ्याच्या सुखदेवले संग चल म्हणू नका.

मागच्या खेपेले मीच त्याले ओढून नेलं होतं. कोरोनात त्याची बायको शालू भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारली, तवापासून तो घुम्याच झाला होता. म्हटलं, पहाड चढला तर जरा मोकळा होईल.

शिखरावर जायच्या आदल्या संध्याकाळी गाइड सगळ्यायच्या बोटाले ऑक्सिजनचा चिमटा लावून पाहून राहिला होता. ज्याचा आकडा लय कमी, तो खालीच थांबणार. सुखदेवची पाळी आली, तसे त्यानं डोळे मिटून घेतले.

"बयासी!" गाइड खूश झाला. "इतनी ऊँचाई पे बयासी मतलब बहुत बढ़िया, अंकल! कल आप सबसे आगे चलेंगे."

आमी टाळ्या वाजवल्या. सुखदेव बोटाकडं पाहतच राहिला.

"काय झालं बे? पास झाला ना तू!" मी म्हटलं.

"शालूचा बी ब्याऐंशीच होता," तो म्हणाला. "तेवढ्यावर डॉक्टरनं मले सांगतलं होतं, का आता घरच्यायले बोलावून घ्या."