नाझ्काची जोडी

— नाही नाही, त्यांना कशाला विचारताय, माझ्याशी बोला ना — विकायचं मी ठरवलंय. घ्या की हे भांडं हातात. पेरू देशातलंच आहे, बिलकुल खरं. नाझ्का म्हणून लोक होते तिकडे, दीड हजार वर्षांपूर्वीचे. ह्या दोन तोट्या, मधे पुलासारखी मूठ, आणि पोटावर हा चिमुकला पक्षी, फुलात चोच खुपसलेला — रंग कसा, काल दिल्यासारखा! मला कसं ठाऊक? अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकतेय. खाटेवर आहेत ना, ते माझे सासरे, महिपतराव. दरबारच्या कामानं विलायतेला गेले होते, तिथल्या लिलावातून जोडी आणली.

जोडी, हो — दुसरं ते काय, खिडकीत. कोरं दिसतंय? कोरं नव्हतं, मासे होते त्याच्यावर. संस्थान विलीन झालं, मामंजींचं पद गेलं, मग दिवसभर हीच दोन पुसत बसायचं. माझी मुलगी गेली — अंगावर पिणारी होती हो — मी ही जोडी ठेवलेल्या फडताळाला टेकून रडत होते, तर मामंजी येऊन काय म्हणाले? "सुनंदा, धक्का लागेल, जरा तिकडे बस." बसले मी तिकडे. पुढे अर्धांगानं ते खाटेला खिळले, वाचा गेली — मग एका दुपारी मी वाळू घेतली, विटेचा तुकडा घेतला, आणि त्यांच्यासमोर बसून ते दुसरं भांडं घासलं. सावकाश. एकेक मासा. ओरडायला गेले, नुसती घरघर!

आता राजधानी भोपाळला गेली, आमच्या ह्यांची बदली झाली, सामान बांधतोय. मामंजी? छे, तिथं कोण करणार त्यांचं! इथंच हजीरा वस्तीत ठेवतोय, उमाजीकडे, आमचा जुना गाडीवान — त्यांना अजून सांगितलं नव्हतं. — हळू कशाला बोलू? कान शाबूत आहेत त्यांचे! म्हणून तर तुम्हाला इथं बसवलं, नाहीतर बैठक काय वाईट होती?

अहो — अहो, त्यांच्या हातात कशाला देताय? आणा इकडे! सोडा, मामंजी. सोडा म्हणते ना! — हं. हे घ्या, नीट धरा. त्यांच्याकडे बघू नका, रोजच रडतात. टांगा कोपऱ्यावर मिळेल, पडावच्या चौकात उतरलात की स्टेशन समोरच. निघा.