पाच दिवसांच्या गोळ्या

निमाणीच्या बसस्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर नर्सिंगची एक विद्यार्थिनी आणि तिच्या शिक्षिका बसल्या होत्या.

"मॅडम, मी तिला दोनदा समजावलं होतं. जेवण झालं की एकच गोळी, असं पाच दिवस."

"नदीच्या घाटावर झोपणाऱ्या म्हातारीला?"

"हो. तिनं मानही डोलावली. आणि माझी पाठ वळल्यावर सगळ्या एकदम गिळल्या."

"आता कशी आहे?"

"उलट्या थांबल्यात. वॉर्डात बोलायला लागली आहे."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'पोरी, रागावू नको. हातात आलेलं लगेच खाऊन घ्यावं लागतं. ठेवलेलं राहत नाय. परवा तर झोपेत अंगावरची चादर नेली.'"

"गोळ्या देताना विचारलं होतंस, कुठे ठेवणार म्हणून?"

"नाही. घरी आजीला देते, तशाच दिल्या."

"आजीला कपाट आहे, यशश्री."

"हो, मॅडम."

"यापुढे तिला रोज एकच गोळी. आपण जायचं, आपल्यासमोर द्यायची."

"मीही तिला तेच सांगून आले. रोज येईन म्हणाले, तर माझा हात सोडेना."

"तुझी घाटावरची ड्यूटी कधी संपते?"

"शनिवारी."

"हे सांगितलंस तिला?"

फलाटाला बस लागली, भरली आणि निघून गेली. त्या दोघी बसूनच होत्या.