खाडीनं निववलेली कळी

बसा मंडळी, बसा! मागच्या आयाबायांना पुढं जागा द्या. खांबाला टेकलेल्यांनी खुशाल टेकावं, पण डोळे मिटू नका – आज गोष्टीत आग आहे!

आधी एक सांगा मला. घरात कुणी दुःखानं पेटलेलं असतं. आपण जातो समजूत घालायला. चांगले दोन शब्द बोलतो – आणि ते माणूस शांत व्हायचं सोडून आपल्यावरच भडकतं! मग आपण बाहेर येऊन म्हणतो, "भलेपणाचे दिवस राहिले नाहीत हो!" तर मंडळी, चूक कुणाची? बोला की! ...कुणीच बोलत नाही. म्हणजे घरोघरी झालेलं दिसतंय!

ऐका तर मग.

कोकणात एका खाडीवर हिरू तांडेल होता. स्वतःचा मचवा, स्वतःच शीड धरायचा. सागवानी मचवा, बांधून दोन वर्षं झालेली. बायकोनं एकदा विचारलं, "मी बुडाले नि मचवा बुडाला, तर आधी कुणाला काढाल?" तर हा विचार करत बसला! तीन दिवस जेवण वाढलं नाही तिनं!

असा हा हिरू. एका सकाळी त्याच्या मचव्यात तीस गोण्या चढल्या. कळीचा चुना – भट्टीतून काढलेला, अजून पाणी न लागलेला! पलीकडच्या गावात देवळाचा गिलावा चालला होता. शांताराम गुरव स्वतः न्यायला आला होता. आणि चुना कुणाचा? ठकूबायचा. शिंपल्यांची भट्टी लावणारी बाई. नवरा, रघू, दोन महिन्यांपूर्वी गेलेला.

हिरू गोण्या रचता रचता म्हणाला, "रघू गेला, वाईट झालं हो ठकूबाय. देवाची मर्जी." आणि लगेच खलाशाला ओरडला, "अरे, ती गोण डावीकडं सरकव!"

ठकूबाय फाडकन म्हणाली, "देवाची मर्जी तुझ्यापाशी ठेव! गोण्यांखाली फळ्या घाल. तळाचं पाणी लागता कामा नये!"

हिरूनं गोणीत हात घातला. गारेगार दगड. मनात म्हणाला, काय खाष्ट बाई आहे! गार दगडाला एवढं काय जपायचं? दोन फळ्या टाकल्या, दोन तशाच ठेवल्या.

मंडळी, इथं जरा थांबू. दत्ताराम, पेटी थांबव. शिंपल्यांखाली तीन दिवस लाकडं जाळतात. ती धग जाते कुठं? थोडी धुरात जाते, थोडी वाऱ्यावर जाते. आणि थोडी कळीच्या पोटात जाऊन बसते! आपल्या शाळेतले रसायनाचे सर सांगतात – जी क्रिया उष्णता खाऊन घडते ती उष्माग्राही, घडताना जी उष्णता बाहेर टाकते ती उष्मादायी. शब्द सुपारीसारखे आहेत, माझे दोन दात हलले! पण अर्थ सोपा. भट्टीत कळीनं धग गिळली. पाणी लागलं की ती बाहेर टाकणार. आणि मधल्या काळात हात लावून बघा – गार! वरून काही म्हणजे काही कळत नाही!

हं. मचवा निघाला. नऊ उतारू, त्यांत गुरव नि ठकूबायही; आणखी एका बाईच्या पदराखाली तान्हं पोर. ओहोटी लागलेली. मध्यावर आले – आणि शांताराम गुरवानं नाक वर केलं. "कसला वास येतोय रे? गोणपाट जळल्यासारखा?"

हिरूनं वळून पाहिलं. गोण्यांच्या बुडातून पांढरी वाफ! एका सांध्यातून पाणी झिरपत होतं, आणि ते थेट खालच्या गोणीला लागलं होतं.

"आग! आग!" गुरव उठला, तांब्या बुडवला, आणि – भस्सकन ओतला!

अरे देवा! फुस्स करून वाफेचा लोट उठला, गोण फाटली, आतली कळी फुगून तडतड उडायला लागली, आणि वरचं गोणपाट धडधडा पेटलं! गुरवाच्या भुवया गेल्या. पोर किंचाळायला लागलं. उतारू एका अंगाला धावले, मचवा कलला!

हिरूनं बादली भरली. चाळीस वर्षांत त्याला एकच ठाऊक – आगीवर पाणी! हात वर गेला, आणि मनगट कुणीतरी गच्च धरलं.

"टाकू नकोस!" ठकूबाय.

"सोड! माझा मचवा जळतोय!"

"पाण्यानंच जळतोय! बादलीनं आणखी पेटेल. खालच्या गोण्या फुगल्या की फळ्या उचकटतील, तांडेल! समोर वाळूचा पट्टा आहे, तिथं घाल. माणसं उतरव."

"आणि मग?"

"मग मचवा बुडव."

हिरूला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. "पाणी टाकू नको म्हणतेस, आणि बुडव म्हणतेस?"

"शिंपडलं तर पेटते, बुडवली तर निवते! जन्म गेला माझा कळी भिजवण्यात. द्यायचं तर थोडं देऊ नकोस, अख्खी खाडी दे!"

हातात भरलेली बादली. पायाखाली फळी करकरायला लागलेली. एका बाजूला चाळीस वर्षांची अक्कल, दुसऱ्या बाजूला एक खाष्ट बाई. मंडळी, तुम्ही काय केलं असतंत?

हिरूनं बादली खाडीत ओतली. शीड ताणलं, मचवा वाळूला लावला. कमरभर पाणी. तान्ह्याला डोक्यावर धरून त्यानं आधी त्या बाईला उतरवलं, मग बाकीच्यांना. ठकूबाय ओरडत होती, "वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा! तोंड फिरवा! डोळ्यांत उडाला तर डोळे जातील!"

मग हिरूनं कुऱ्हाड घेतली. ज्या फळीला त्यानं स्वतः तेल पाजलं होतं, त्या फळीवर. पहिला घाव बसेना. "घाल!" ठकूबाय म्हणाली. दुसरा घाव. तिसरा! खाडी आत घुसली, हिरूनं मागं उडी घेतली आणि –

घों घों घों! मचवा उकळला हो! पांढरे बुडबुडे, पांढरी वाफ, मचवा दिसेना. कितीतरी वेळ. मग आवाज बारीक होत गेला. मग गप्प. हिरूनं मचव्याच्या काठाशी जाऊन भीत भीत पाण्यात बोट घातलं. कोमट!

मंडळी, धग तेवढीच होती बरं का! एक उष्मांक कमी नाही, एक जास्त नाही. तांब्याभर पाण्याला ती सोसली नाही. खाडीनं ती पोटात घेतली.

मचव्याच्या दोन फळ्या गेल्या, खालची लाकडं काळी पडली, पण सांगाडा वाचला. पलीकडून होडी आली, उतारूंना घेऊन गेली. जाताना गुरव म्हणाला, "जाऊ दे ठकूबाय. जीव वाचले, चुना काय, पुन्हा होईल."

"पुन्हा होईल?" ती अशी कडाडली, की गुरवाच्या उरल्यासुरल्या भुवया जळाल्या असत्या! "जा तू! जा इथून!"

गुरव गेला. हिरू मात्र भरतीची वाट बघत थांबला. त्याच्याही ओठावर तसलंच काहीतरी आलं होतं. पण पांढऱ्या पाण्याकडं बघून त्यानं ते गिळलं. तो ठकूबायशेजारी ओल्या वाळूत बसला. मग एवढंच विचारलं, "या चुन्याची भट्टी कुणी रचली होती?"

ठकूबाय खाडीकडं बघत राहिली. "त्यानंच. शिंपले वेचले, थर लावले, आणि पेटवायच्या आदल्या दिवशी गेला. मी पेटवली. त्याच्या हातचं एवढंच राहिलं होतं, तांडेल. आणि मीच बुडव म्हणाले."

आणि रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. रघू कसा हसायचा, कसा भांडायचा, मीठ जास्त झालं तर कसा गपचूप जेवायचा – सगळं सांगत राहिली. हिरू ऐकत राहिला. "असं कर, तसं कर" नाही, "देवाची मर्जी" नाही. भरती घोट्याला लागली, तरी उठला नाही.

आपण कसे जातो, मंडळी? चपला दारात, एक पाय बाहेर, डोळा घड्याळावर. "धीर धरा बरं का, आमची गाडी आहे साडेपाचची!" असा शिंतोडा मारून निघायचं, आणि वर म्हणायचं की माणूस तिरसट आहे! अहो, जायचंच असेल तर चपला काढून जा. जमिनीवर बसा. चहा गार होऊ दे, गाडी चुकू दे!

आज या मांडवातून घरी जाल. वाटेत एक दार लागेल – कुठलं ते तुम्हाला माहीत आहे, मी नाव घेणार नाही. त्या दारावरून आजवर घाईनं गेलात. आज कडी वाजवा. वेळ घेऊन जा.