डाव्या डोळ्यातली मुंगी

कृत्रिम डोळे रंगवून देणाऱ्या चित्रकाराच्या कार्यशाळेबाहेर काळा चष्मा लावलेले एक आजोबा आणि त्यांच्या पत्नी माझ्या शेजारच्या बाकावर बसले होते.

“हा म्हणे आधी निसर्गचित्रं काढायचा.”

“मग बरं आहे. डोंगर जमले, तर बुबुळ जमेलच.”

“सांगतो त्याला, जरा तरुण रंगव.”

“म्हणजे एक डोळा पंचविशीतला, दुसरा सत्तरीतला? लोकांना वाटेल, दोघं जण बघताहेत!”

“अगं, पण पिवळट, लाल शिरांचा कशाला?”

“उजवा तसाच आहे म्हणून. त्याच्याकडे बघूनच तो डावा रंगवणार.”

“कसाही रंगवू दे. नात जवळ आली म्हणजे झालं. डोळा काढल्यापासून दारातूनच बघते आणि पळते.”

“लहान आहे हो ती. पण एक सांगू? उजव्यासारखा हुबेहूब काढून भागायचं नाही.”

“का?”

“डाव्यात काळा ठिपका होता. मांडीवर बसली की ती आधी तोच शोधायची. ‘आजोबा, डोळ्यात मुंगी!’”

“हो, म्हणायची खरी. मला वाटायचं, खेळ करतेय.”

“खेळ कसला? लग्नापासून बघतेय मी ती मुंगी.”

“कुठे होती गं?”

“बुबुळात, खाली, नाकाच्या बाजूला.”

“आरशात मला कधी दिसली नाही.”

“दाढीपलीकडे कधी बघितलंत तर ना!”

आतून हाक आली. आजोबा उठले, दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

“तूही चल. कुठे बसवायची ते त्याला तूच दाखव.”