गॉसमर घालून पावसात

मूर्खपणा माझाच, कबूल आहे, हवं तर लेखी देते... पण तुम्हाला सांगते, शब्दच तसा होता हो! गॉसमर! म्हणून बघा एकदा, जणू कुणी कानात हळूच फुंकर घातली... वीस वर्षं मी कुकरच्या नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या माहितीपत्रकांचं मराठी करतेय, ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’, हे माझं साहित्य! आणि त्यात पहिल्यांदाच एक अख्खी जुनी इंग्रजी कादंबरी हातात आली, पुस्तकावर माझं नाव येणार, आणि पान एकशे बारावर नायिका घर सोडून निघते, बाहेर धो धो पाऊस, तीन कोस चालायचंय, आणि ती अंगावर काय घालते? गॉसमर!

कोश उघडला. पहिला अर्थ, कोळ्याचे हवेत तरंगणारे धागे. पहाटे गवतावर दिसतात ना, ते. कवींनी तर त्यांत दव काय ओवलंय, पऱ्यांचे पंख काय विणलेत, कुणाकुणाची आशा काय टांगून ठेवलीय! दुसरा अर्थ, तलम, झिरझिरीत कापड. आणि मूळ काय, तर म्हणे ‘गूस समर’, म्हणजे ‘बदकांचा उन्हाळा’! आता बदकांना कसला आलाय वेगळा उन्हाळा? पण मी गेले की त्या उन्हाळ्यात! गॅसवर दूध करपतंय, नवरा ओरडतोय, “अगं, नाक आहे का ठिकाणावर?” आणि मी आपली खिडकीतल्या एका धाग्याकडे बघत बसलेय, ऊन त्याच्यावरून घसरतंय, विझतंय, पुन्हा लुकलुकतंय... आठ दिवस ती खिडकी मी कुणाला पुसू दिली नाही! शब्दच तसा होता हो!

शेवटी लिहिलं, ‘धुक्याचं तलम वस्त्र लेवून ती पावसात निघाली.’ सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या लोकर गुंडाळत होत्या. म्हणाल्या, “एवढ्या पावसात? रेनकोट नाही का तिच्याकडे?” मी हसले हो! “अहो आई, हे साहित्य आहे!” संपादकांना फोनवर ऐकवलं, तर ते गहिवरलेच, “वा बाई, वा! मुखपृष्ठावर हेच घेऊ!” चित्रकारानं काढलंसुद्धा. भर पावसात बाई, आणि अंगावर... जाऊ दे, धुकंच म्हणायचं.

उद्या पुस्तक छापायला जाणार, म्हणून आज सकाळी कौतुकानं कोश पुन्हा उघडला, त्या शब्दाला नुसतं भेटायला... आणि पान उलटलं. अर्थ पुढच्या पानावरही होते! तिसरा, लेचीपेची सबब. आणि चौथा... जुन्या काळी बायका पावसात घालायच्या तो हलका रेनकोट!

संपादकांना फोन केला. चौथा अर्थ वाचून दाखवला. ते म्हणाले, “चित्र बदलून घेतो. पण बाई, त्या वाक्याला मी रडलो होतो हो.”

मी धुकं खोडलं. त्या जागी लिहिलं, रेनकोट. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, तुम्हाला सांगते! म्हटलं, “आई, शब्द किती कोरडा आहे हो हा!”

सासूबाईंनी लोकरीतून मान वर केली नाही.

“रेनकोट ना? मग कोरडाच बरा.”