सभापतीचा गळा

नाही नाही, गळ्यात नाही जी — छातीले बांधा. हा पट्टा पाहा, निवारीचा आहे, मीच शिवला — समोरच्या दोन पायांच्या मधातून काढाचा, पाठीवर बांधाचा. हसून राहिले? हसा. आंधळगावच्या बाजारात सारेच हसते — इश्वर दोरवाला कुत्र्याले झंपर घालते म्हणते. पण तुमचं पिल्लू पाहा न, आताच किती ओढून राहिलं — बैल ओढते तं खांद्यानं ओढते, याले कुठी आहे खांदा? सारा जोर इथं, नरड्यावर.

माह्याजवळ होता न एक. नाव सभापती. कायले? मीटिंगभर झोपे आन् जेवाच्या वक्ताले उठे, म्हणून. खरं तं तो माह्या बहिणीचा, तुळसाचा. तिचं लगन झालं, ती साकोलीच्या गाडीत बसली, आन् हा गाडीमागं धावला — पार नाल्याच्या पुलापर्यंत. मंग रोज त्या गाडीचा भोंगा वाजला का धाव. चाकाखाली येईन म्हणून मी बांधला. कशानं? सरकफासानं. ओढखोर गोऱ्ह्याले आमी तोच घालतो — ओढलं का आवळते, दोन रोजात जनावर शिकते. माही गाठ तं नावाजलेली. गोऱ्हा शिकते जी. सभापती नाही शिकला. दिवसाच्या दोन गाड्या, दोनदा ओढे — खोकले, आन् मंग अजून ओढे. मले वाटलं हड्डी अडकली — तोंडात हात घातला, हड्डी नव्हती. ढोराच्या डॉक्टरनं बोट लावून पाहिलं, म्हणे, नळी दबली इश्वर, छातीले बांधाचा होता. तेव्हा शिवला हा पट्टा — तुळसाच्याच खाटेची निवार काढून, हा निळा काठ तिच्या पसंतीचा. पण आवाज गेला तो गेलाच.

दिवाळीले तुळसा आली. गाडीतून उतरली, आन् यानं तोंड उघडलं — हे एवढं — शेपटी हालून राहिली, पोट हालून राहिलं, आवाज नाही. ती म्हणे, इश्वर, हा भुकत काहून नाही? आन् मी — मले आदतच आहे, तोंड सरळ ठेवून गंमत कराची — मी म्हणलो, जांभई देऊन राहिला, तुले विसरला तो. हसली. मले वाटलं, हसली. भाऊबीजेले ओवाळून घेताना खरं सांगीन म्हणलं, तं ती भाऊबीजेपर्यंत थांबलीच नाही. दुसऱ्याच रोजी गेली.

पुसाच्या महिन्यात मेला तो. पत्रात अजून विचारते ती, सभापती कसा आहे. मी लिहितो — झोपून आहे. खोटं नाही न?

जाऊ द्या. घ्या पट्टा. कुठचे म्हणले तुमी? ... एकोडी? साकोलीजवळची? एकोडीत कोण्या बाजूले? ... परसरामच्या घराजवळ — मंग तं तुळसाच्या दारावरूनच जाता तुमी. परसराम म्हणजे तिचा नवरा तो... आणा इकडं. आणा पट्टा. हा नाही देत, ओळखन ती, काठ पाहून ओळखन...

नाही. राहू द्या. घालूनच न्या. तिनं विचारलं तं सारं सांगा — नाही, काहीच नका सांगू. पिल्लू तिच्या दारासमोर भुकलं तं भुकू द्या फक्त. जा जी. जा न — गाडी लागली तुमची.